मावळा व्हायचंय? मग तलवार घ्यायच्या आधी माणूस ठरवा

दिवाळी सरली की मला फोन यायला लागतात. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला प्रतापगडावर शिवप्रतापदिन असतो, त्याच्या आसपास कुठल्यातरी मंडळाच्या पोरांना युद्धाचं प्रात्यक्षिक करायचं असतं, नाहीतर फेब्रुवारीतल्या शिवजयंतीची तयारी सुरू झालेली असते, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, तलवार कुठनं घ्यायची?" मी दुकानाचं नाव सांगायच्या आधी उलटं विचारतो, तू त्या दिवशी कोण होणार आहेस? पोरगं थांबतं आणि म्हणतं, मावळा. मग मी परत विचारतो, कुठल्या सालातला, पायदळातला का घोड्यावरचा, गडावर राहणारा का मोहिमेवर जाणारा, घरचं शेत किती. तोवर पलीकडनं आवाज बंद झालेला असतो.

हे मला आमच्या तालमीतल्या वस्तादांनी शिकवलं. मी सोळा-सतरा वर्षांचा असताना भिंतीवरचा दांडपट्टा काढायला गेलो तर म्हणाले, "बाळा, आधी कोण हायस ते सांग, मग काय धरायचं ते बघू." तेव्हा राग आला होता. आता वाटतं सगळा विषय त्या एका वाक्यात बसतो, कारण हत्यार सुटं खरं किंवा खोटं नसतं, ते कुणाच्या हातात, कुठल्या वर्षी आणि कशाबरोबर आहे त्यावर ठरतं. खरीखुरी जुनी धोप (लांब पात्याची तलवार) सुद्धा चुकीच्या माणसाच्या कमरेला खोटी दिसते.

उदाहरण घेऊ, आपल्याच सातारा जिल्ह्यातलं. समजा तुम्ही १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याला जावळीच्या रानात दबा धरून बसलेले पायदळातले शिपाई आहात. गड बांधून नुकताच पुरा झालेला, भोवती दाट झाडी, चढउतार, पायवाटा. अशा माणसाकडं काय असेल? बांबूच्या दांड्याचा भाला, ढाल-तलवार, एखाद्याकडं धनुष्यबाण नाहीतर तोड्याची (जळत्या वातीची) बंदूक, कुणाकडं कुऱ्हाड, कारण कुऱ्हाड घरातच असते आणि लाकूडही तोडते. अंगावर सुती बंडी किंवा अंगरखा, खाली चोळणा म्हणजे आखूड विजार, कमरेला घट्ट शेला, डोक्याला मुंडासं, खांद्यावर कांबळं. झालं. चिलखत नाही. साखळ्यांचं चिलखत म्हणजे हजारो कड्या एकमेकांत ओवून प्रत्येक कडी रिवेट मारून बंद केलेली असते, ते आठ ते बारा किलोचं काम साध्या शिपायाला परवडत नव्हतं आणि ते घालून जावळीच्या रानात पळून बघा एकदा. गादीसारखा शिवलेला जाड सुती अंगरखा मात्र चालेल, कापडाचे थर घट्ट टाचले की ते कापणारा वार बऱ्यापैकी अडवतात.

आता तोच दिवस, पण तुम्ही महाराजांची भूमिका करणार असाल तर? तिथं चिलखत पाहिजेच, पण दिसलं नाही पाहिजे. साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ यानं जी हकीकत लिहिली त्यात पागोट्याखाली पोलादी टोपी आणि सुती अंगरख्याखाली साखळीचं चिलखत, बाहीत बिचवा म्हणजे वाकडी छोटी कट्यार आणि हाताच्या बोटांत वाघनखं असं वर्णन आहे. म्हणजे सगळा खेळ लपवण्याचा होता. आणि आमच्याकडं पोरं काय करतात तर अंगरख्यावरनं चकचकीत चिलखत घालून भेटीच्या प्रसंगाला उभी राहतात! तसं ते दिसलं असतं तर अफझलखान शामियान्यात मिठीला जवळ आला असता का?

वाघनखांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं आपल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, रांगा लागल्या होत्या, मीही गेलो होतो, आणि काचेसमोर उभं राहिल्यावर गळा दाटून आला हे खरं आहे. पण त्याच म्युझियमनं स्वतः स्पष्ट म्हणलंय की हीच ती १६५९ ची वाघनखं असं सिद्ध करता येत नाही, ती ग्रँट डफच्या घराण्याकडनं आली एवढं नक्की. मला ही त्यांची प्रामाणिक नोंद फार आवडली, आपणही प्रात्यक्षिकात प्रत्येक वस्तूबद्दल अशीच नोंद ठेवावी, हे अमुक चित्रावरनं केलंय, हे अमुक संग्रहालयातल्या वस्तूवरनं, हे आपल्या अंदाजानं. लोकांनी विचारलं तर खरं सांगता येतं. आणि हो, त्या वर्षानंतर प्रत्येक मावळ्याच्या हातात वाघनखं दिसायला लागली, ते मात्र बंद करा. ती मुठीत लपवून अगदी अंगाला भिडल्यावर वापरायची वस्तू, रांगेत लढणाऱ्या शिपायाला तिचा उपयोग नाही.

आता साल बदला. १६७० नंतरचा घोडेस्वार घ्या, प्रतापराव गुजर खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे, हंबीरराव मोहिते कऱ्हाडजवळच्या तळबीडचे, म्हणजे हाताच्या अंतरावरची माणसं. त्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार होते, बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारी पागेतला, आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. हा फरक कळला की सामान निवडणं सोपं होतं. दहा बारगीर दाखवायचे असतील तर त्यांचं सामान साधं आणि एकमेकांशी जुळतं ठेवा, दहा शिलेदार असतील तर प्रत्येकाचं वेगळं, कुणाची मूठ भारी, कुणाची ढाल आजोबांच्या काळातली, कुणाचा भाला नवा. ऐपत दिसली पाहिजे. स्वाराच्या हातात लांब पात्याची धोप किंवा फिरंगी शोभते. फिरंगी म्हणजे युरोपातनं, बहुतेक पोर्तुगीजांच्या हातून आलेलं सरळ पातं, त्याला आपल्याकडची मूठ बसवायची. घोड्यावरनं खाली वार पोचायचा तर लांबी लागते, हे साधं कारण. तीच लांब धोप घेऊन दाट झाडीत उतरलात तर प्रत्येक वार फांदीत अडकणार.

आणि विटा. विटा म्हणलं की सांगलीकरांना गाव आठवतं, पण हे भाल्याचंच भावंड, दांड्याला दोरी बांधलेली, फेकायचा आणि दोरीनं परत ओढायचा. प्रात्यक्षिकात फारसं कुणी दाखवत नाही, दाखवायला पाहिजे, लोक लई लक्ष देऊन बघतात.

तिसरं साल, माझं आवडतं, कारण मी रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर, म्हणजे साताऱ्याच्या गडावर, चालायला जातो. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसला, प्रयागजी प्रभू गड लढवत होते, एप्रिल १७०० मध्ये मुघलांनी सुरुंग उडवले तेव्हा तटाचा मोठा भाग बाहेर त्यांच्याच फौजेवर कोसळला. या गडावरच्या शिपायाची भूमिका करायची तर तलवार ही दुय्यम गोष्ट आहे. तटावर राहून लढायचं म्हणजे तोड्याची बंदूक, धनुष्यबाण, गोफण आणि वरनं ढकलायचे दगड. गोफण प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराला येते, ज्वारीवरची पाखरं हाकताना शिकलेली असते. गोफणीसाठी दोरी वळायला पैसा लागत नाही आणि ती शंभर टक्के पटणारी आहे, तरी पोरांना तलवारच पाहिजे असते.

बंदुकीचं एक लक्षात ठेवा. त्या काळात आपल्याकडं चालायची ती तोड्याची, म्हणजे सुताची जळती वात खटक्यानं खाली येऊन दारूला लागते ती. दगडाच्या ठिणगीवर चालणारी चकमकीची बंदूक आपल्या फौजांत बरीच नंतर रुळली. त्यामुळं एखाद्या जुन्या घरातली चकमकीची बंदूक आणून मावळ्याच्या हातात देऊ नका, शंभर-दीडशे वर्षांची गल्लत होते. आणि दारू भरून बार काढायच्या नादाला तर अजिबात लागू नका, लाकडाची नक्कल आणि विझलेला तोडा पुरे.

आता तुम्ही विचाराल की हे सगळं बघायचं कुठं. संग्रहालयात जा, पण तिथंही एक गोम आहे. आज जी हत्यारं उरलीयत त्यातली बरीचशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आहेत, आणि जे टिकलं ते बहुतेक श्रीमंताचं टिकलं. सोन्याची नक्षी असलेली तलवार पिढ्यान् पिढ्या देवघरात ठेवली जाते, साध्या शिपायाचं पातं झिजलं की त्याची खुरपी होते, भाल्याचा बांबू कुजतो, अंगरख्याला वाळवी लागते. म्हणून काचेतलं बघून सगळी फौज तशी सजवली तर ती फौज कधीच अस्तित्वात नसलेली फौज होते. शिवाय जुनं पातं आणि नंतरची मूठ अशी जोडणी सर्रास व्हायची, पातं चांगलं असलं की कुणी टाकत नव्हतं. त्यामुळं त्या काळातली चित्रंही बघा. दख्खनी चित्रांमध्ये जामा कसा बांधलाय, शेल्यात कट्यार कुठल्या बाजूला खोचलीय, ढाल पाठीवर का हातात, हे सगळं दिसतं. आणि आज सगळे बांधतात तो भगवा तुऱ्याचा फेटा तिथं सापडत नाही हेही दिसेल. रंग भगवा असायला हरकत नाही, पण पॉलिस्टरचा झगझगीत नको. कृत्रिम रंग निघाले १८५६ नंतर, त्याआधी नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद असले रंग, त्यातले कुसुंबा आणि हळद तर धुतल्यावर उतरणारे, उन्हात विटणारे. जाडंभरडं सुती कापड घ्या, दोनचार वेळा धुवा, उन्हात टाका, मग शिवा. माणदेशातली घोंगडी अजून मिळते ती घ्या. स्टेनलेस स्टील १९१३ च्या सुमाराचं, ॲल्युमिनियम स्वस्तात मिळायला लागलं १८८६ नंतर, म्हणजे स्टीलचा तांब्या आणि ॲल्युमिनियमच्या कड्यांचं चिलखत दोन्ही बाद. पितळ, तांबं, लोखंड, माती, लाकूड, चामडं एवढ्यात बसवा.

चामड्यावरनं आठवलं, जुन्या ढाली गेंड्याच्या कातड्याच्या असायच्या, आज तो विचारही नको, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि असायलाच पाहिजे, कुणी खरं वाघाचं नख विकायला आणलं तर तिथनं निघून या. म्हशीच्या कातड्याची ढाल करून मिळते, तीसुद्धा त्या काळात होतीच. ढालीवर पुढं जी चार फुलं दिसतात ती शोभेला नाहीत, आतल्या दोन मुठींचे रिवेट त्याखाली असतात, दोन्ही मुठी एकाच हातात धरायच्या आणि आत बोटांमागं छोटी गादी. ढाल घेताना ती उलटी करून बघा, आत एकच पट्टा स्क्रूनं मारलेला असेल तर ती भिंतीवर टांगायची ढाल आहे.

आता लढण्याचा भाग, आणि इथं मी थोडं जास्त बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रात्यक्षिकात एका पोरानं बाहेरनं मागवलेली तलवार आणली. दिसायला देखणी, मूठ जड, पातं आरशासारखं. तिसऱ्या-चौथ्या वाराला पातं मुठीपाशी मोडलं आणि प्रेक्षकांत बसलेल्या लहान मुलांच्या डोक्यावरनं जाऊन मांडवाच्या कापडात घुसलं. कुणाला लागलं नाही. पण मी ती रात्र झोपलो नाही. सकाळी मूठ कापून बघितली तर आत पात्याला बोटाएवढा सळीचा तुकडा वेल्डिंग केलेला होता, बस्स. ती शोभेची वस्तू होती आणि तिला लढायला लावणं ही माझी चूक होती, कारण तपासायचं काम माझं होतं. त्या दिवसापासनं मी स्वतः बघितल्याशिवाय एकही हत्यार मैदानात जात नाही.

काय बघतो ते सांगतो. पातं स्प्रिंग स्टीलचं पाहिजे, म्हणजे गाडीच्या कमानपाट्याच्या जातीचं, आणि त्याला नीट पाणी दिलेलं पाहिजे. पायानं टोक दाबून थोडं वाकवलं तर सुटल्यावर सरळ झालं पाहिजे, वाकडंच राहिलं तर मऊ आहे, कट्कन आवाज आला तर जास्त कडक आहे, दोन्ही नको. धार मुळीच नको, कड कमीतकमी २ मिलिमीटर जाड आणि गोल घासलेली, टोक नाण्याएवढं गोल. वजन पाऊण ते सव्वा किलो. जुन्या खऱ्या तलवारी तेवढ्याच असायच्या, वीस-तीस किलोच्या तलवारीच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात पण तसली तलवार घेऊन माणूस दोन वारांतच थकेल, आणि आपल्या लोकांना रोज लढायचं होतं, त्यांचा मोठेपणा सांगायला खोट्या वजनाची गरज नाही.

मुठीकडं विशेष बघा. आपल्या जुन्या तलवारीत पात्याचं शेपूट आखूड असायचं आणि पोकळ मुठीत लाख, राळ असलं काहीतरी तापवून ओतून ते पक्कं करायचे. पद्धत खरी आहे, पण लाख उष्णतेनं मऊ होते, एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेली तलवार ढिली झालेली मी बघितलीय. म्हणून लढायच्या तलवारीला शेपूट लांब घ्या आणि मुठीतनं आरपार रिवेट मारून घ्या, ते बाहेरनं दिसत नाही. आपल्या भागात शिकलगार मंडळी आहेत, ज्यांच्या घराण्यांचं कामच हत्यारांना पाणी-धार-झिलई करायचं, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा दाखवा, हातात घेतल्याबरोबर सांगतात.

आणखी एक गोष्ट, मूठ तुमच्या हाताला लहान वाटेल. परज आणि खालची चकती यांच्यामध्ये तळहात अगदी आवळून बसतो, लोक म्हणतात आमचे पूर्वज लहानखुरे होते का, तसं नाही. ती चकती मनगटाला अडवते, मनगट सैल सोडून लाकूड फोडल्यासारखा वार केला की चकती टोचते, त्यामुळं आपोआप हात खांद्यातनं फिरतो आणि पातं ओढत कापत जातं. मूठच शिकवते कसं मारायचं ते! मोठ्या हातासाठी लांब मूठ करून घेतली की लढायची अख्खी ढब बदलते. आणि त्या ढबीत वार अडवायचं काम ढालीचं आहे. तलवारीवर तलवार आपटून ठिणग्या काढणं हे सिनेमात बरं, त्यानं कडेला दाते पडतात आणि त्या दात्यांना आलेली कूस हात फाडते, प्रत्येक फेरीनंतर कानशीनं ती काढावीच लागते.

पट्ट्याबद्दल माझं मत ठाम आहे. प्रतापगडाच्या गोष्टीत जिवा महालांच्या हातात पट्टा असतो म्हणून प्रत्येकाला तो पाहिजे, पण पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडात अडकलेला, मनगट वळत नाही, पातं लांब आणि लवचिक, टोक नेमकं कुठं जाईल ते वर्षानुवर्षं सराव केलेल्यालाच कळतं. एकट्यानं फिरवून दाखवा, लिंबू कापा, पण समोर माणूस उभा करून पट्टा चालवू नका. मी चालवू देत नाही, कितीही कुणी रुसलं तरी.

मग सराव कशानं करायचा? हे लोकांना माहीतच नसतं की आपल्याकडं सरावाची हत्यारं आधीपासून आहेत. फरी-गदका घ्या, गदका म्हणजे चामडं मढवलेली काठी आणि फरी म्हणजे छोटी चामड्याची ढाल, ही जोडी तलवार-ढालीच्या सरावासाठीच आहे. भाल्यासाठी बोथाटी, टोकाला कापड गुंडाळलेला लाकडी गोळा, रंगात बुडवायचा म्हणजे कुणाला कुठं लागलं ते कपड्यावर दिसतं. सहा महिने यावर काढा, तोंडाला जाळीचा मास्क, हातात जाड मोजे घालून. लोखंड त्यानंतर. आणि गंमत बघा, प्रात्यक्षिकात फरी-गदक्याचा सरावच दाखवला तर तो सगळ्यात खरा प्रसंग होतो, तिथं काही लपवावंच लागत नाही. लोखंडानं खेळताना मुंडाशाखाली पोलादी टोपी घाला, आत कापडाची गादी, ग्रँट डफच्या वर्णनातलीच युक्ती. वार ठरवून, डोक्यावर आणि तोंडाकडं भोसकणं कधीच नाही.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं त्यात येतात, आणि शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तर काठीसुद्धा घेऊन फिरता येत नाही. बोथट असली तरी पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या, हत्यारांची यादी आणि फोटो जोडा, परवानगीचा कागद मैदानात जवळ ठेवा, आणि रस्त्यानं नेताना सगळं गोणपाटात बांधून न्या.

शेवटी खरेदीचा क्रम. पोरं तलवारीपासनं सुरू करतात आणि पैसे संपले की खाली जीन पँट राहते. उलटं करा. आधी कपडे, वहाणा नाहीतर अनवाणी पाय, मुंडासं, शेला, कांबळं. मग भाला, स्वस्त आणि सगळ्या वर्षांत चालणारा. मग ढाल, आणि तलवार सगळ्यात शेवटी.

महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदानं पंचवीस बारगिरांमागं एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (घोड्यांना नाल मारणारा) असायचा असं लिहून ठेवलंय. गेल्या वर्षी आमच्यात एक पोरगा होता, त्याला मारामारी नको वाटत होती, सांगायला लाजत होता. त्याला आम्ही पखालजी केलं. चामड्याची पखाल शिवून घेतली, साधं धोतर, कमरेला शेला, हत्यार काही नाही. दिवसभर तो प्रत्येक फेरीनंतर घामेजलेल्या पोरांना पाणी पाजत फिरला, आणि बघायला आलेल्या म्हाताऱ्या बायका त्याच्याभोवती जमून पखाल हातात घेऊन बघत होत्या, एक आजी म्हणाली आमच्या गावात अशी होती, मी लहान असताना. यंदा त्यानं स्वतःहून फोन केला, म्हणाला दादा, नालबंदाचं सामान काय लागतं ते सांगा, नालंचे खिळे घरी आहेत.